अपिलाचा हक्क आणि गरिबाचे मूल

शेतजमीन सरकारने संपादन केली तर दाद कुठे मागावी, हे वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला आता तोंडपाठ झाले आहे. तलाठ्यापासून नागपूरच्या उच्च न्यायालयापर्यंतची वाट त्याच्या पायांखालची आहे. पण पोटचे मूल शासनाच्या ताब्यात गेले आणि त्याच्यावरील आईबापांचा हक्क संपविणारा आदेश निघाला, तर त्याविरुद्धही अपील करता येते, ही गोष्ट किती जणांना ठाऊक आहे? आपल्या कार्यकर्त्यांपैकीही फार थोड्यांना ती ठाऊक असावी, अशी आमची शंका आहे.

2015 च्या बाल न्याय अधिनियमाने हा अधिकार जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला दिला. एक अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती असते. अकोल्याच्या किंवा बडनेऱ्याच्या स्थानकावर एकटे सापडलेले मूल चोवीस तासांच्या आत तिच्यापुढे हजर करावे लागते. मूल टाकून दिलेले आहे असे चौकशीत ठरले, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत व त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत ते दत्तक देण्यास कायद्याने मुक्त असल्याचे समिती जाहीर करते. आईबापांनी आपण होऊन मूल सुपूर्द केले असेल, तर फेरविचारासाठी त्यांना दोन महिने मिळतात. पुढे दत्तकाचा आदेश झाला की जन्मदात्यांशी असलेले नाते कायमचे तुटते. तुरुंगात गेलेला माणूस शिक्षा भोगून घरी येतो; येथे परतीची वाट नाही.

या अधिनियमात काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची जी व्याख्या आहे, तिचा आरंभच घरदार नसलेल्या आणि उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसलेल्या मुलापासून होतो. म्हणजे दारिद्र्य हे मुलाला ताब्यात घेण्याचे पहिले निमित्त झाले! वास्तविक त्याच अधिनियमाने मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे, आणि संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय म्हटला आहे. परंतु पाल ठोकून राहणाऱ्या फासेपारध्याच्या दाराशी कायद्याचे पहिले वाक्य आधी पोहोचते, दुसरे मागाहून. या जमातीला हा अनुभव नवा नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात 1897 साली दुरुस्ती करून इंग्रज सरकारने मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळांत ठेवण्याची सोय करून घेतली होती. तेव्हाही भाषा मुलांच्या कल्याणाचीच होती. तो कायदा 1952 साली रद्द झाला.

मुलाला शिकविण्यासाठी आईबापांचा हक्क संपवावा लागत नाही, हे अमरावती जिल्ह्यातच मतीन भोसले यांनी दाखवून दिले आहे. मंगरूळ चव्हाळ्याला त्यांनी पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा उभी केली. 2019 साली समृद्धी महामार्गासाठी तिच्या काही इमारती पाडण्यात आल्या, हे जाता जाता नमूद करणे भाग आहे.

काही मुलांना घरातच मारहाण होते, काहींना घरातलेच विकतात, आणि अशा मुलांना तेथून काढणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. दत्तक घेणारे दांपत्य हेही काही कोणाचे शत्रू नव्हे. आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या आईचे मूल जाते तिचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी आहे काय?

समितीच्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत बाल न्यायालयाकडे अपील करता येते. हे काम बहुधा सत्र न्यायाधीशच पाहतात. त्यानंतर दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयाकडे फेरतपासणी तेवढी मागता येते. आता मेळघाटचा कोरकू मजूर डोळ्यांपुढे आणा. सुगी आटोपली की तो कुटुंबासह कामाच्या शोधात दूर निघून जातो. सापडलेल्या मुलाचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते, तेव्हा तो वीटभट्टीवर असतो. आदेशाची मराठी त्याच्या घरातली भाषा नव्हे. धारणीहून अमरावती सुमारे दीडशे किलोमीटर. जाण्यायेण्यात मजुरी बुडते. त्याच्या दृष्टीने तीस दिवसांचा हा हक्क केवळ कागदावरचा आहे.

2011 साली नॉर्वेच्या सरकारने एका भारतीय दांपत्याची दोन मुले ताब्यात घेतली, तेव्हा आपल्या संसदेत आवाज उठला, परराष्ट्र खाते मध्ये पडले, आणि 2012 साली मुले मायदेशी आली. हे योग्यच झाले. पण परदेशात जी आस्था सरकारला सुचली, ती धारणी-चिखलदऱ्यात का सुचू नये?

2021 च्या दुरुस्तीने तर दत्तकाचा आदेश देण्याचे काम न्यायालयाकडून काढून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले. ही दुरुस्ती 1 सप्टेंबर 2022 पासून अमलात आली. या आदेशाविरुद्धचे अपील विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे अकोल्याच्या माणसालाही अमरावतीला. न्यायालयांत विलंब होतो, हे कारण दिले गेले आणि ते खोटे नाही. पण विलंबावरचा उपाय न्यायाधीश वाढविणे हा होता. एका अधिकाऱ्याचा निर्णय त्याच्याच वरच्या अधिकाऱ्याने तपासावा, याला आम्ही न्याय म्हणणार नाही. आधीच न्यायालयांपुढे असलेली प्रकरणे जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविण्यास मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये अंतरिम मनाई केली, यावरूनही ही शंका आमची एकट्याची नाही, हे दिसते.

कायदा बदलण्यासाठी लढावे लागेलच. तोवर हाताशी असलेल्या तरतुदी वापरल्या पाहिजेत. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला, उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात आईला घेऊन जाणे एवढेच काम आहे. समितीपुढे कोरकू जाणणारा दुभाषी मागावा. मूल सुपूर्द करण्याच्या कागदावर आईचा अंगठा उठण्यापूर्वी तो तिला तिच्या भाषेत वाचून दाखविला जावा, असा आग्रह धरावा. आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागावी. तीस दिवस उलटून गेले असले तरी हताश होऊ नये. विलंबाला सबळ कारण असल्यास बाल न्यायालय अपील दाखल करून घेऊ शकते, आणि वीटभट्टीवरची मजुरी हे सबळ कारण आहे, हे वकिलाने तेथे ठासून मांडले पाहिजे. मात्र मुदत मोजली जाते ती आदेशाच्या तारखेपासून, आदेश आईच्या हाती पडल्याच्या तारखेपासून नव्हे.