पॅकेट पोचलं, पण उत्तर परतलं का?



आज जरा तांत्रिक लिहितोय. आपल्यातले निम्मे लोक याच धंद्यात आहेत, त्यांना कंटाळा येणार नाही. उरलेल्यांनी आपापल्या नवऱ्याला किंवा बायकोला वाचायला द्यावं.

विषय असा: दोन वेगळ्या सबनेटमधले लिनक्स सर्व्हर एकमेकांशी बोलत नसले, की मधल्या मशीनवर मास्करेडची एक ओळ टाकून मोकळं व्हायची आपल्याला सवय लागली आहे. माझ्या मते ही सवय वाईट आहे. शहाणपण शिकवायला म्हणून सांगत नाही, स्वतःचे हात पोळून घेतलेत.

लंडनबाहेर एका कंपनीत (नाव नको) मी सर्व्हर सांभाळायचो. ॲप्लिकेशनचे सहा सर्व्हर १०.२०.१.०/२४ मध्ये, डेटाबेस १०.२०.२.०/२४ मध्ये आणि मध्ये दोन नेटवर्क कार्डांचं एक लिनक्स मशीन. ॲप सर्व्हरवर राऊट घातला, मधल्या मशीनवर आयपी फॉरवर्डिंग चालू केलं (लिनक्समध्ये ते मुळात बंद असतं). तरी कनेक्शन होईना. डेटाबेसवर टीसीपीडम्प लावला तर पॅकेट व्यवस्थित पोचत होतं! डेटाबेस उत्तरही देत होता. पण १०.२०.१.० कुठे आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणून उत्तर डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे फायरवॉलकडे जायचं. फायरवॉलने संभाषणाची सुरुवात पाहिलेलीच नव्हती, ती उत्तर फेकून द्यायची.

खरा उपाय डेटाबेसवर परतीचा राऊट घालणं, एवढाच. पण ते मशीन दुसऱ्या टीमचं. बदलाची मंजुरी मिळायला दोन आठवडे, आणि दिवस शुक्रवारचा. मी मधल्या मशीनवर मास्करेड टाकलं. आता येणारं प्रत्येक पॅकेट डेटाबेसला १०.२०.२.१ या शेजाऱ्याकडूनच आल्यासारखं दिसायला लागलं. पाच मिनिटांत सगळं चालू, सगळे खूश. 'सोमवारी नीट करू' म्हणालो. तो सोमवार कधी उजाडलाच नाही.

आठ महिन्यांनी एका रात्री डेटाबेसमधल्या नोंदी उडाल्या. लॉग उघडला तर सगळीकडे एकच पत्ता, १०.२०.२.१. सहा सर्व्हर आणि सगळ्यांना एकच मुखवटा! त्या रात्रीचं रिलीज आपल्याच एका मुलाने केलं होतं, नुकताच भारतातून आलेला. संशय त्याच्यावर. स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरी गेली तर साधारणपणे ६० दिवसांत दुसरी शोधा नाहीतर परत जा, हे तुम्हाला माहीत आहेच. दोन दिवस तो पोरगा जेवला नाही. शेवटी सहाही सर्व्हरांचे लॉग एकेक करून चाळले, तेव्हा सापडलं: एका सर्व्हरवर विसरलेला जुना क्रॉन जॉब. चोर सोडून संन्याशाला फाशी होता होता राहिली. मास्करेड नसतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. ती ओळ माझी होती हे मी मॅनेजरला सांगितलं, पण तिसऱ्या दिवशी. त्याची लाज अजून वाटते.

पॅकेटची कल्पना याच देशात रुजली. टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६५ मध्ये ती मांडली आणि 'पॅकेट' हा शब्दही त्यांचाच. पॅकेटवर पत्ता असतो आणि प्रत्येक मशीन तो पत्ता बघून फक्त पुढचा टप्पा ठरवतं. म्हणजे जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. जाण्याचा आपण सगळेच लिहितो, येण्याचा गृहीत धरतो.

कुणी म्हणेल, मग मास्करेड वापरायचंच नाही का? तसं नाही. समोरचं मशीन आपल्या हातात नसेल किंवा दोन्हीकडे तेच सबनेट असेल, तर पत्ते बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पुण्याच्या घरी १९२.१६८.१.० आणि स्लावच्या घरीही तेच असेल, तर व्हीपीएन लावूनही आईबाबांकडचा कॅमेरा दिसत नाही, हा अनुभव अनेकांना असेल. पण 'मंजुरीला उशीर होतो' हे कारण नव्हे. तात्पुरतं टाकायचंच तर काढायची तारीख लिहून टाका.

नाहीतर क्रम साधा आहे. दोन्ही टोकांवर 'आयपी राऊट गेट' देऊन समोरच्याकडे जायचा रस्ता विचारा. दोन्ही उत्तरं बरोबर येईपर्यंत फायरवॉलला हात लावू नका. राऊट 'आयपी राऊट ॲड'ने घातला असेल तर तो रीबूटनंतर उडतो, तेव्हा कॉन्फिगरेशन फाईलमध्येही लिहा. सर्व्हरला दोन कार्डं असतील आणि पॅकेट न बोलता गायब होत असेल, तर आरपी फिल्टर बघा. पण तो बंद करण्याआधी राऊट तपासा, बऱ्याचदा तो बिचारा खरंच सांगत असतो की रस्ता चुकलाय.

तो मुलगा आता लीड्सला आहे, छान चाललंय त्याचं. गेल्या महिन्यात फोनवर त्याने त्याच्या टीमचा नियम सांगितला: परतीचा राऊट दाखवल्याशिवाय बदल मंजूर नाही. मी 'वा!' म्हणालो आणि गप्प बसलो.

तुमचे अनुभव जरूर लिहा. चूभूद्याघ्या.

आपला,
एक सर्व्हरवाला, स्लाव