नवशिक्याचा साप
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या वसतिगृहातील एका मित्राने गेल्या सत्रात जाहीर केले की, तो साप पाळणार आहे. मेसमध्ये एकच हशा पिकला. कोणी त्याला गारुडी ठरवले, कोणी पुंगी आणून देण्याचे कबूल केले. तो मात्र गंभीर होता. त्याला हवा होता कॉर्न स्नेक. मक्याचा साप म्हणा हवे तर. ‘नवशिक्यासाठी याच्यासारखा साप नाही’ हे वाक्य त्याने कुठेतरी वाचले होते आणि ते तो आम्हाला दिवसातून दोनदा ऐकवीत असे.

मला हसू आले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

हा साप मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, केशरी अंगावर काळ्या कडांचे तांबडे डाग, लांबी साधारण तीन ते पाच फूट. लिनियसने १७६६ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नावाची उपपत्ती दोन प्रकारे सांगतात. मक्याच्या कोठारात उंदरांमागे शिरतो म्हणून, किंवा पोटावरच्या चौकटी रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून. मला पहिली आवडते, ती शेतकऱ्याची आहे.

तो पाळायला सोपा, हे खरेच. स्वभावाने शांत. मोठ्या सापाला दहा-चौदा दिवसांनी एक उंदीर पुरतो. पेटीची एक बाजू तीस अंशांच्या आसपास उबदार, दुसरी थंड, लपायला आडोसा, पाण्याचे भांडे आणि झाकण मात्र पक्के, कारण निसटण्यात हा पटाईत. उंदीर मेलेले, गोठवलेले असतात. ते घरच्या फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, हे आईला कोणी सांगायचे, हा प्रश्न मित्राने तूर्त पुढे ढकलला आहे.

माझा पहिला आक्षेप ‘नवशिका’ या शब्दालाच आहे. पेटीतला हा साप पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. मी आज एकोणीस वर्षांचा आहे. परीक्षा, नोकरी, बदली, लग्न, या सगळ्यांत ती पेटी कोण वाहणार? आणि कंटाळा आला म्हणून परदेशी प्राणी जवळच्या झाडीत सोडून देता येत नाही. ग्रँड केमन बेटावर हा साप बाहेरून येऊन पोहोचला आणि तिथेच वस्ती करून राहिला.

मित्र म्हणतो, “निदान लोकांची सापाबद्दलची भीती तरी जाईल.” कोणाची भीती? माझ्या वडिलांची जाणार नाही, आणि ती खोटीही नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. वीज रात्री येते म्हणून रात्रीच पिकाला पाणी द्यायला जाणारा माणूस घोणशीशी मैत्री कशी करणार?

आता ते कारण. मी बारावीत असताना श्रावणात आमच्या घरी ज्वारीच्या पोत्यांमागे साप निघाला. वडील ओरडले आणि काठी मी आणून दिली. आई म्हणत होती, “जाऊ द्या त्याला, पंचमी तोंडावर आलीय.” कोणी ऐकले नाही. बाहेर ओढल्यावर शेजारचे आजोबा वाकून म्हणाले, “अरे, ही तर धामण.” बिनविषारी, उंदरांवर जगणारी, म्हणजे आमच्या पोत्यांची राखणच. बांधाला पुरली. त्या वर्षी उंदरांनी दोन पोती फोडली. धामण असती तर वाचलीच असती असे मी म्हणत नाही. पण पोती शिवताना मला तिची आठवण झाली.

अमेरिकेतही निराळे नाही. मक्याचा साप तिथल्या कॉपरहेड या विषारी सापासारखा दिसतो म्हणून कितीदा मारला जातो. एका घरात काचेच्या पेटीत त्याचे लाड, शेजारच्या अंगणात त्याच्याच भावावर फावडे! आणि जॉर्जिया राज्यात, जिथला तो रहिवासी, तिथे स्थानिक बिनविषारी साप घरी पाळायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार धामण मारताही येत नाही आणि पाळताही येत नाही. मला हे दोन्ही कायदे शहाणपणाचे वाटतात.

मी मित्राची एकदा परीक्षा घेतली. मक्याच्या सापाचे रंगप्रकार तो घडाघडा सांगतो. ग्रंथालयातल्या पुस्तकातले घोणशीचे चित्र दाखवले, तर म्हणाला, “अजगर!” त्याला हसण्याचा अधिकार मला नाही. सतरा वर्षे खेड्यात काढून मला तरी धामण कुठे ओळखता आली? तो विकत घेऊन नवशिका होऊ पाहतो, मी काठी घेऊन झालो. पण त्याने घ्यायचे ठरवलेला साप ज्या काळजीने तो समजून घेतो आहे, वजन, खाणे, कात टाकण्याची तारीख वहीत कशी लिहायची तेही, ती काळजी मला घेण्याजोगी वाटते. फक्त ती वही त्याने पेटीशेजारी न ठेवता बांधावर आणावी.

तसे त्याला मी सांगितलेही. पुष्कळ वाद झाला. अखेर पेटीचे पैसे बाजूला ठेवून दिवाळीच्या सुट्टीत तो माझ्या गावी यायला कबूल झाला आहे. घोणस कोणती, धामण कोणती हे आम्ही दोघे त्या आजोबांकडूनच शिकणार आहोत. वडिलांना मी अजून फक्त एवढेच कळवले आहे की, मित्र शेती पाहायला येतो आहे.