एकदा तरी ॲम्प्लिफायर स्वतः बांधा

तुमच्यापैकी कोण कोण गिटार वाजवतं? आजकाल फोनवरच्या एका ॲपमधून कितीतरी ॲम्प्लिफायरचे आवाज काढता येतात. तरी माझं मत असं आहे, की गिटार वाजवणाऱ्याने एकदा तरी व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर स्वतःच्या हाताने बांधावा.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेची नळी. इथे अमेरिकेत तिला ‘ट्यूब’ म्हणतात. आजी-आजोबांना व्हॉल्व्हच्या रेडिओबद्दल विचारा. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आधी नळ्या तापायच्या, मग बातम्या लागायच्या.

मी फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या ‘चॅम्प’ची आकृती घेतली. त्यात फक्त तीन नळ्या आहेत. पहिली गिटारचा बारीक आवाज मोठा करते. दुसरी स्पीकर हलवायला ताकद देते. तिसरी एसी विजेची डीसी करते. एकूण ताकद साधारण ५ वॉट. घरात तेवढी पुष्कळ होते, माझ्या शेजाऱ्यांना विचारा!

मी दिवसभर कोड लिहितो, पण त्याच्या खाली काय काय चालतं ते मला कधीच पूर्ण दिसत नाही. इथे मात्र एकही चिप नाही. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते बोटाने दाखवता येतं.

पहिल्यांदा चालू केला, तेव्हा गिटार जोडलेली नसतानाही स्पीकर किंचाळायला लागला. बायको धावत आली. दोन रविवार मी सगळे जोड तपासले. चूक भलतीकडेच होती. स्पीकरकडचा थोडा सिग्नल उलटा करून मागे पाठवतात, म्हणजे आवाज साफ होतो. मी ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारांची अदलाबदल केली होती, त्यामुळे तो सिग्नल उलटा न होता मूळ आवाजात भरच घालत होता. तारा बदलल्या आणि स्पीकर गप्प!

मग शाळेत मराठीतून शिकलेला ओहमचा नियम कामाला आला. विभवांतर भागिले रोध म्हणजे विद्युतधारा. १९ व्होल्ट भागिले ४७० ओहम, म्हणजे सुमारे ०.०४ ॲम्पिअर. नळीला झेपेल एवढीच.

पैसे वाचतात का? नाही. सुट्या भागांनाच तयार छोट्या ॲम्प्लिफायरपेक्षा जास्त लागले.

आणि धोका खरा आहे. आत ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहू शकते. तिने माणूस मरू शकतो. म्हणून एकट्याने हात घालायचा नाही, शेजारी जाणकार मोठं माणूस हवंच. बाबा “मला येतं” म्हणाले, तरी आधी मीटर लावून दाखवायला सांगा.

सुरुवात ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ॲम्प्लिफायरने करा. त्यात नळ्या नसतात, पण सोल्डरिंगला हात बसतो.