पोलीस कोणाचे?

३ जून १९९७ ची पहाट. गुहागर तालुक्यातील वेलदूरचे बहुतेक पुरुष मासेमारीला गेलेले. अशा वेळी पोलीस घरांत शिरले व बायकांना ओढून, मारझोड करून अटक केली. कारण काय? तर एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाला विरोध.

ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी १९९९ च्या अहवालात हे सारे नोंदविले. त्यातील मारहाणीची वर्णने क्लेशदायक आहेतच. परंतु मला अधिक अस्वस्थ करते ती एक रुक्ष नोंद : प्रकल्पावरील पोलिसांचा खर्च कंपनी भरीत होती. आणि हे बेकायदा नव्हते! १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यातच तशी तरतूद आहे.

कोणी म्हणेल, बंदोबस्त मागणाऱ्याने पैसे मोजावेत, यात गैर ते काय? एखाद्या जलशासाठी ते चालेल. पण वाद जुंपलेला असताना एका पक्षाच्या पैशावर उभा असलेला शिपाई कोळणीची फिर्याद कोणत्या कानाने ऐकणार?

एन्रॉन डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली. तरतूद मात्र अजून कायद्यात आहे. आपल्या विधी महाविद्यालयांनी तिचा अभ्यास वेलदूरपासून सुरू करावा, असा आग्रह रत्नागिरीकर का धरीत नाहीत?