सापळा, चक्रव्यूह आणि खापरखेड्याचा वाचक

एखादी अपरिचित संरचना समोर आली, की मराठी समीक्षेला प्रथम महाभारत आठवते. व्हिडिओ गेमच्या वाट्याला आजवर जी थोडीफार चर्चा आली, तीही याला अपवाद नाही. सापळ्याची लेव्हल दिसली की ती ‘चक्रव्यूह’ आणि तीत अडकणारा तो ‘अभिमन्यू’, एवढे म्हटले की विश्लेषण संपले असे मानण्याची सवय जडली आहे. ही सवय निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे सापळ्याची रचना दिसत नाही आणि त्या सापळ्यात प्रत्यक्ष अडकलेला वाचकही दिसत नाही.

रचनेपासूनच सुरुवात करणे इष्ट. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ सप्टेंबर १९८५ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. सगळा मिळून चाळीस किलोबाइटांचा हा ऐवज. पडदा डावीकडून उजवीकडे सरकतो आणि एकदा मागे पडलेला भूभाग पुन्हा डावीकडे वळून गाठता येत नाही. या एकमार्गी व्याकरणातच ४-४, ७-४ आणि ८-४ या लेव्हल सापळा होतात. ७-४ चा किल्ला पाहावा. वर-खाली अनेक वाटा आहेत, सगळ्या पुढेच जातात, पण त्यांतला एकच क्रम बरोबर आहे. क्रम चुकला तर मारिओ मरत नाही, भिंत आडवी येत नाही, कोणी हसत नाही. तोच दगडी मार्ग, त्याच ज्वाळा पुन्हा उजवीकडून येऊ लागतात. पुढे जात असल्याचा भास अखंड राहतो आणि वरच्या कोपऱ्यातले घड्याळ तेवढे उतरत जाते. (मर्ढेकरांच्या संवादलयीचा दाखला म्हणून ही पुनरावृत्ती कोणी पुढे केली तर नवल नको. मात्र येथे समान घटकाचे परतून येणे हाच दंड आहे, हेही त्याला सांगावे लागेल.)

द्रोणपर्वातल्या अभिमन्यूची स्थिती याहून सर्वस्वी वेगळी आहे. पित्याने आपल्याला व्यूह भेदणे शिकवले, बाहेर पडणे शिकवले नाही, हे तो आत शिरण्यापूर्वीच सांगतो. आपल्या ज्ञानाची सीमा त्याला ठाऊक आहे, आणि त्याची शोकांतिका या जाणिवेतूनच उभी राहते. शिवाय त्याच्यामागून येणाऱ्या पांडवांची वाट अडवणारा जयद्रथ आहे, म्हणजे शत्रूला चेहरा आहे. ७-४ मध्ये शिरणाऱ्याला मात्र आपण सापळ्यात आहोत हेच माहीत नसते. त्याला एखादे उत्तर येत नाही असे नाही. प्रश्न विचारला गेला आहे, हेच त्याच्या कानी आलेले नसते. ‘चक्रव्यूह’ या शब्दाने नेमका हा भेद पुसला जातो.

देशी परंपरेतच साम्य शोधायचे असेल तर मोक्षपट अधिक जवळचा आहे. परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या खेळातही पुढे जाणे आणि घसरून मागे येणे हाच मुख्य व्यापार आहे. पण तेथे साप दिसतो आणि तो कोणत्या दुर्गुणाचा, हेही पटावरच सांगितलेले असते. घसरणाऱ्याला दान प्रतिकूल पडले एवढेच. घसरण्याचा अर्थ त्याच्यापुढे उघडा असतो. मारिओच्या सापळ्यात दैव नाही आणि दोषाला नावही नाही. ही शिक्षा निःशब्द आहे.

हे निःशब्दत्व किती कळीचे होते, याचा पुरावा निर्मात्यांनीच पुढे दिला. १९९३ च्या ‘सुपर मारिओ ऑल-स्टार्स’ या नव्या आवृत्तीत याच लेव्हलमध्ये बरोबर वाटेला एक आणि चुकीच्या वाटेला दुसरा असा ध्वनी जोडण्यात आला. एका आवाजाने सापळ्याचे कोडे झाले. कोड्यात वाचकाला आपण कोड्यापुढे उभे आहोत हे ठाऊक असते. १९८५ च्या संहितेने ते सांगण्याचे नाकारले होते.

आता आयात सिद्धान्ताकडे वळावे, कारण रूपककारांना नाके मुरडणारे अभ्यासक बहुधा तेथे आश्रय घेतात. एस्पेन आर्सेथच्या ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथाने अशा संहितांच्या वाचनासाठी कोंडी आणि उलगडा ही जोडी रूढ केली; येस्पर यूल याने ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) मध्ये हरण्यातल्या विरोधाभासी सुखाची मीमांसा केली. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. मराठीत ते उचलले जातात तेव्हा मात्र त्यांच्या पोटातला वाचक जसाच्या तसा उचलला जातो. हा वाचक एकटा आहे, यंत्र त्याच्या मालकीचे आहे, त्याच्यापाशी वेळ मुबलक आहे, आणि कोंडी तो स्वतःच्या श्रमाने फोडतो. असा वाचक जपानात तरी होता काय? या खेळाचे मार्गदर्शक पुस्तक १९८५ मध्ये तेथील सर्वाधिक खपाचे पुस्तक ठरले. म्हणजे मूळ वाचकसुद्धा एका हातात खेळ आणि दुसऱ्या हातात त्याचे भाष्य घेऊन बसला होता. इझरच्या परिभाषेतल्या रिकाम्या जागा त्याच्यासाठी आधीच छापून भरलेल्या होत्या.

नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यासारख्या गावी हे पुस्तक पोचण्याचा प्रश्नच नव्हता. एका बाजूला औष्णिक वीज केंद्र, १९८९-९० मध्ये सुरू झालेले त्याचे २१० मेगावॉटचे पहिले दोन संच, दुसऱ्या बाजूला सिल्लेवाडा-वलनीच्या कोळसा खाणी, आणि मधल्या वस्तीत नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून आलेली कुटुंबे. अशा गावांत नव्वदीच्या दशकात मारिओ पोचला तो फॅमिकॉमच्या स्वस्त नकलांतून. त्याला मुले ‘टीव्ही गेम’ म्हणत आणि काडतुसाला ‘कॅसेट’. सोबत माहितीपुस्तिका नसे. ज्याच्या घरी यंत्र नसे तो तासाच्या भाड्याने खेळे. खेळात प्रगती जतन करण्याची सोय नव्हती; वीज गेली की सातवे जगही गेले आणि पुन्हा १-१. विदर्भात वीज तयार व्हावी आणि विदर्भातल्याच खेड्यांनी भारनियमन सोसावे, ही तक्रार जुनी आहे. त्या तक्रारीला सौंदर्यशास्त्रीय बाजूही आहे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले नाही.

अशा वाचकासाठी ७-४ मधली प्रत्येक फेरी भाड्याच्या तासातून वजा होत होती. यूलला अभिप्रेत असलेले हरण्याचे सुख ज्याला परवडते त्याचे आहे. येथे सापळा फुटला तो एकट्याच्या चिंतनाने नव्हे, तर शेजारी बसून आपल्या पाळीची वाट पाहणाऱ्याच्या सूचनेने: ‘इथून वरून जा, मग खाली उतर.’ ही सूचना मौखिक होती, ऐकीव होती, पुष्कळदा चुकीचीही होती. तरीही संहितेतली उणीव तिनेच भरून काढली. मौखिक परंपरेचा गौरव करताना न थकणाऱ्या देशीवादी समीक्षेला ही मौखिकता दिसू नये, याचे आश्चर्य वाटते. बहुधा ती ओवीत नसल्यामुळे दिसली नसावी.

कॅसेटचाही विचार व्हायला हवा. तिच्यावर हजारोंनी खेळांचा दावा छापलेला असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ नावे बदलून, कधी भलत्याच जगापासून सुरू करून, यादीत फिरून फिरून येत. म्हणजे ७-४ गाठण्यापूर्वीच वाचक एका सापळ्यातून जात असे: पुढे गेल्याचा भास आणि तेच पुन्हा समोर. मूळ कृती आणि तिची भ्रष्ट प्रत यांतला भेद ठरवण्याचे कोणतेही साधन त्याच्यापाशी नव्हते. पाठचिकित्सेचा प्रश्न येथे विद्यापीठाच्या बाहेर, टीव्हीसमोर उभा होता.

या प्रश्नाचे सर्वांत तीव्र रूप म्हणजे ‘उणे एक’ जग. १-२ च्या शेवटी भिंतीतून विशिष्ट रीतीने घुसून, पुढचा भाग पडद्यावर पुरता येण्याआधीच नळीत उतरले, तर मारिओ पाण्याखालच्या एका लेव्हलमध्ये पडतो. तिच्या शेवटची नळी पुन्हा तिच्याच आरंभी आणून सोडते. वेळ संपणे किंवा मरणे एवढेच शेवट. यंत्राच्या हिशेबी हे छत्तिसावे जग आहे. त्या क्रमांकाच्या जागी कोरे चिन्ह असल्यामुळे पडद्यावर फक्त ‘-१’ उरते. हा दोष आहे, कोणाची योजना नाही. जपानी डिस्क-आवृत्तीत त्याच वाटेने जे जग लाभते त्याला तीन लेव्हल आहेत आणि शेवटही आहे.

कर्त्याच्या हेतूवर भिस्त ठेवणारी समीक्षा म्हणेल, ७-४ हा सापळा आणि ‘-१’ हा अपघात. ही वर्गवारी कर्त्याच्या टेबलापाशी बसून केलेली आहे. नळीतून पाचव्यांदा त्याच पाण्यात आलेल्या मुलाला ७-४ आणि ‘-१’ यांत फरक कशावरून करता यावा? दोन्हीकडे मौन तेच, पुनरावृत्ती तीच. एका ठिकाणी वाट आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, हे संहिता सांगत नाही. ‘येथे वाट नाही’ हा निष्कर्ष वाचकालाच काढावा लागतो, आणि तो कधी काढायचा याची किंमत घड्याळ, भाडे व वीज मिळून ठरवतात. सापळ्याची व्याख्या करायची तर ती या निर्णयाच्या क्षणापासून करावी लागेल.

आज हा अभ्यास ज्या साधनांनी होतो, त्यांतून नेमका हाच क्षण वगळला गेला आहे. संगणकावरच्या नकलयंत्रात हव्या त्या क्षणी खेळ जतन करता येतो आणि चूक झाली की एका कळीसरशी मागे येता येते. वाटांचे नकाशे आधीच उपलब्ध असतात. या सोयीनिशी ७-४ पार करून तिच्यावर प्रबंधिका लिहिणारा विद्यार्थी ज्या संहितेविषयी लिहितो, ती १९८५ ची नाही आणि खापरखेड्याची तर नाहीच. त्याच्या प्रबंधिकेत आर्सेथ असतो, अभिमन्यू असतो, पडद्याची छायाचित्रे असतात. त्या छायाचित्रांतल्या घड्याळात मात्र भरपूर वेळ शिल्लक असतो.