‘सहज बोललो’ म्हणजे काय?

“मनात काही नव्हते हो, सहज तोंडातून गेले!” ही सबब मराठी माणसाला जितकी प्रिय आहे, तितकी दुसरी क्वचितच असेल. दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमतात, गप्पा रंगतात, आणि कुणी जरा खोलात जाऊन प्रश्न विचारला की “पुरे तुझी चांभारचौकशी!” म्हणून त्याला गप्प करतात. सगळे हसतात. पायताण शिवणाऱ्या कारागिराचा या चौकशीशी काय संबंध, हे कुणी विचारीत नाही. गबाळ्या कपड्यांना एक जात, मोठ्या आवाजाला दुसरी, घासाघीस करणाऱ्याला तिसरी, अशी आपल्या घरोघरी वाटणीच झालेली आहे. बोलणाराच्या मनात खरोखरच काही नसते, हे मला मान्य आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे!

रागाच्या भरात दिलेल्या शिवीची, राग ओसरला की निदान शरम तरी वाटते. सहज बोललेल्या शब्दाची शरम कुणालाच वाटत नाही. म्हणूनच तो टिकतो. आमच्या सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवे खणून हळद साठवीत. त्यांत ती वर्षानुवर्षे टिके. आपले पूर्वग्रह साठविण्याची पेवे म्हणजे हे असले शब्द होत. हळदीच्या पेवांना २००५ सालच्या महापुराने तरी गाठले. शब्दांच्या पेवांपर्यंत कोणताच पूर पोचत नाही. आजोबांनी भरून ठेवलेला तुच्छभाव नातवाच्या तोंडून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि त्या जातीचा माणूस नातवाने अजून डोळ्यांनी पाहिलेलाही नसतो. माणूस भेटण्याच्या आधीच त्याच्याविषयीचे मत तयार!

हे केवळ बोलण्यापुरते राहते, असे समजू नये. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मलेले मूल जन्मतःच गुन्हेगार! सातारा-सांगलीकडच्या कित्येक मांग-रामोशी घरांतल्या पुरुषांच्या कपाळी त्यातून रोजची हजेरी आली. वाळवे तालुक्यातील वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी १९५९ साली ‘फकिरा’ कादंबरीत या हजेरीची नामुष्की मांडली आहे. पण इंग्रजाने हा शिक्का काही कोऱ्या कागदावर मारला नव्हता. “ते तसलेच!” हे वाक्य आपल्या ओट्यांवर आधीच तयार होते, त्याने फक्त त्याला सरकारी मोहोर लावली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि ‘विमुक्त’ असे नवे नाव मिळाले. तरी आजही गावात भांडे हरवले, तर पहिले बोट कोणत्या पालाकडे वळते? कायदा मेला, शब्द जगला, आणि शब्दाचे बोट धरून संशयही जगला.

कोणी म्हणेल, असे शब्द वेचून काढले तर भाषा अळणी होईल. वारणाकाठच्या मराठीचा ठसका ज्याला हवा त्याने अण्णा भाऊंच्या कथा वाचाव्यात. कोणत्याही जातीला न हिणवता तिथे भाषा कशी धारदार होते, ते दिसेल. साताऱ्याकडचे लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ हेच नाव दिले, हा दाखलाही काही जण पुढे करतात. पण ज्याची जखम आहे त्याने ती उघडी करून दाखवावी. त्यामुळे इतरांना तिच्यात बोट घालण्याचा परवाना मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. पाटी बदलली म्हणून रस्ता सुधारतो काय, नळाला पाणी जास्त येते काय? नाही येत! शब्द बदलल्याने विहीर खणली जात नाही. परंतु पदरचा छदामही खर्च न होता ज्याला एक शब्द सोडवत नाही, तो उद्या शेजारी भाड्याने खोली देईल, पंक्तीला बसवील, सोयरीक करील, असे कुणी आणि कशाच्या बळावर मानावे?

राहिली सवय. १९४९ साली सातारा जिल्हा तोडून ‘दक्षिण सातारा’ झाला, आणि १९६० साली त्याचेच ‘सांगली’ झाले. आज ‘दक्षिण सातारा’ म्हणणारा शोधून काढावा लागेल. तेव्हा जिभेला वळण लागत नाही, ही थाप आहे. जिथे आपला मोठेपणा दुखावत नाही, तिथे जीभ चटकन वळते!

१९८९ सालचा अत्याचार प्रतिबंधक कायदा चारचौघांत जातीवरून केलेल्या अपमानाला शिक्षा सांगतो. म्हणजे कायदा चावडीपर्यंत येतो. माजघरात तो येत नाही, आणि येऊही नये. तिथला अंमलदार आपणच. शेजारी लाडू खात बसलेली पोरे आपले बोलणे कान देऊन ऐकत असतात. “पुरे तुझ्या नसत्या चौकश्या!” हेही अस्सल मराठीच आहे. त्यानेही प्रश्न विचारणारा गप्प बसतो, मंडळी हसायची तेवढी हसतात, आणि चकलीचा खुसखुशीतपणा काडीनेही कमी होत नाही.