म्हणे अकुशल!

लखनौत बसून दगडी बांधावर लिहायचं म्हणजे गंमतच. गोमतीकाठची सगळी जमीन गाळाची. इथला बडा इमामबाडाही पातळ लखौरी विटा आणि चुन्याचा. १७८४च्या दुष्काळात लोकांच्या पोटाची सोय म्हणून तो बांधायला घेतला. नाव उरलं नवाब आसफउद्दौलाचं. आपल्याकडे १९७२च्या दुष्काळात लाखो बायाबापड्यांनी खडी फोडली, बांध घातले. त्यांची नावं हजेरीपटावर.

अनघड दगडांचा बांध मला त्यात सर्वांत मोलाचा वाटतो. कोकणातला गडगाही त्याच कुळीचा. ना चुना, ना सिमेंट. मोठे दगड तळाला, वरचा दगड खालच्या दोघांच्या सांध्यावर, फटीत चिपा ठोकून. रचाई जमली की पाणी झिरपून पुढे जातं, माती मागे राहते. मागे पाणी तुंबत नाही म्हणून भिंतीवर दाब येत नाही. सिमेंटच्या भिंतीला त्यासाठी मुद्दाम भोकं ठेवावी लागतात. फटींत शेवाळ, नेचे, सरडे, बेडूक नांदतात. ढासळला तर तेच दगड पुन्हा रचायचे.

२०१८ साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशात घेतली: क्रोएशिया, ग्रीस, इटली, फ्रान्ससह युरोपातल्या आठ देशांची. आपल्या २००५च्या रोजगार हमी कायद्याची भाषा मात्र 'अकुशल अंगमेहनती'ची. त्याच खात्यावर हे बांध घातले गेले. आणि पिढ्यान्‌पिढ्या दगड घडवणारे वडार? महाराष्ट्राच्या यादीत ते विमुक्त जातींत. म्हणजे इंग्रजांनी जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या आणि १९५२मध्ये तो कायदा गेल्यावर 'सुटलेल्या' जमातींच्या रांगेत. हात तेच, दगड तोच. कुशल कोण, हे जात ठरवते.

पण वारशाच्या कौतुकाचीही मला धास्ती वाटते. वडाराच्या पोराने दगडच फोडावा, असं सांगायला उद्या तेच कौतुक कामी येईल. जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच मांडलं. दगडाच्या धुळीने छातीचं काय होतं, ते खाणीवरच्या घरांना विचारा.

म्हणून, घरातल्या पहिल्या पदवीधरांनो, आपल्यातले काही स्थापत्य अभियंते झालेत, काही पंचायत समितीत लागलेत. अंदाजपत्रक आता आपल्याही टेबलावर येतं. बांध रचणाऱ्याला त्यात कुशल कारागिराचा दर मागा आणि कामाच्या फलकावर ठेकेदाराशेजारी त्याचंही नाव लिहून घ्या.